कडाक्याच्या थंडीतली सफरचंद आणि नासपतीची कलमं: आधी खुंट बघा, मग जात

नर्सरीच्या लेबलावर जातीचं नाव ठळक असतं, लालभडक फळाचा फोटो असतो आणि खाली कोपऱ्यात 'सेमी-ड्वार्फ' किंवा नुसतं 'हार्डी' एवढंच छापलेलं असतं. कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या खालच्या झाडावर, बांधलंय याचा पत्ता नसतो. हिवाळ्यात पारा उणे ३५ ते उणे ४० अंशांपर्यंत उतरतो अशा ठिकाणी हे लेबल अर्धवटच म्हणायचं. फळाची चव जातीवर अवलंबून असते हे खरं, पण पाचव्या हिवाळ्यानंतर झाड उभं असेल की नाही, हे बव्हंशी जमिनीखालचा खुंट आणि जमिनीलगतचं दोन वीत खोड ठरवतं. म्हणून इथं खुंटांचाच हिशेब जास्त मांडलाय. जाती आणि खोडाची कवचं नंतर.

आधी झोनच्या, म्हणजे हिवाळ्याच्या थंडीनुसार पाडलेल्या पट्ट्यांच्या, आकड्याबद्दल. झोन ३ म्हणजे वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीची सरासरी उणे ४० ते उणे ३४ अंशांच्या दरम्यान, झोन ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९. हा आकडा हवेचा आहे, मातीचा नाही. नीट विश्रांतीत गेलेलं काटक जातीचं लाकूड भर हिवाळ्यात उणे ३५ अंश सोसतं. मुळांना ती ताकद कधीच येत नाही. साध्या खुंटाची मुळं मातीचं तापमान उणे १० अंशांच्या आसपास आलं की दुखावू लागतात. काटक खुंटाला आणखी चार-पाच अंशांची मुभा मिळते. अंगावर ३० सेंटीमीटर भुसभुशीत बर्फ असेल तर बाहेर काहीही होवो, माती शून्याच्या थोडीच खाली राहते. तोच बर्फ वाऱ्यानं उडून गेला आणि माती रेताड, कोरडी असली, तर थंडी सरळ मुळांपर्यंत पोचते. बिनबर्फाचा एक साधा हिवाळा म्हणूनच कधी कधी विक्रमी थंडीच्या हिवाळ्यापेक्षा जास्त झाडं घेऊन जातो.

मुळं मेल्याचं लगेच कळतही नाही. वसंतात झाड खोडातल्या साठ्यावर फुटतं, पालवी येते, कधी फुलंही येतात. मग उन्हाळ्याच्या तोंडावर, पहिल्या गरम आठवड्यात पानं एकाएकी मलूल होतात. रोग समजून फवारण्या सुरू होतात. पेन्सिलीएवढं एक मूळ खणून नखानं साल खरवडून पाहिलं की उलगडा होतो: जिवंत मुळाचा आतला थर पांढरट आणि ओला असतो, मेलेल्याचा तपकिरी, आणि साल हातात सुटून येते.

सफरचंदाचे खुंट

अँतोनोव्का ही जुनी रशियन सफरचंदाची जात. तिच्या बियांपासून वाढवलेली रोपं खुंट म्हणून वापरतात. झोन ३ मध्ये जागा असेल तर पहिली पसंती हीच. मुळं खोल जातात, झाडाला आधाराची काठी लागत नाही, कोरडी वर्षं निभावतात, बुडातून फुटव्यांचा त्रास कमी. शिवाय हा खुंट शरद ऋतूत वेळेवर झोपतो आणि उशिरा जागा होतो. दोष दोन. झाड पूर्ण आकाराचं होतं, म्हणजे ७-८ मीटर उंची आणि दोन झाडांत निदान ६-७ मीटर अंतर. आणि फळासाठी सहा ते दहा वर्षं थांबावं लागतं. फांद्या आडव्या बांधल्या तर यातली एक-दोन वर्षं वाचतात. बियांची रोपं असल्यानं दहा झाडांत एखादं बुटकं, एखादं उंच निघणारच. ते नर्सरीचं पाप नव्हे. कुंडीतलं रोप घेणार असाल तर मात्र सोटमूळ बघूनच घ्या. कुंडीच्या तळाशी त्यानं गोल वेटोळं घातलं असेल तर ते पुढे स्वतःच्याच गळ्याला फास लावतं. असं रोप परत करावं. उघड्या मुळांचं, नर्सरीत एकदा सोटमूळ छाटलेलं रोप त्याहून बरं.

सायबेरियन क्रॅबॲपल (लहान फळांचं रानटी सफरचंद), ज्याला कुठे कुठे रानेतका म्हणतात, त्याचं बियाणं थंडीत अँतोनोव्कालाही मागं टाकतं. झोन २ मध्ये दुसरा पर्याय जवळजवळ नाहीच. पण त्याला एक वाईट सवय आहे: थोडी ऊब मिळाली की तो लवकर जागा होतो. जिथं हिवाळा नोव्हेंबर ते मार्च एकसारखा गोठलेला असतो तिथं याचं काही बिघडत नाही. जिथं फेब्रुवारीत चार दिवस बर्फ वितळतो आणि पाचव्या रात्री पारा पुन्हा उणे ३० अंशांवर येतो, तिथं हाच काटक खुंट फसतो. मोठ्या फळांच्या काही जातींशी त्याचं जमतही नाही. जोडावर, म्हणजे खुंट आणि जात जिथं जुळतात तिथं, गाठ येते आणि दहाव्या वर्षी वाऱ्यात झाड जोडावरच मोडतं. डोल्गो या क्रॅबॲपलची रोपं मधला मार्ग म्हणून चांगली. नील्स हॅन्सन यांनी ही जात साउथ डकोटात १९१७ मध्ये आणली. खुंट दणकट, आणि शेजारी डोल्गोचंच एक झाड ठेवलं तर भरपूर फुलं आणि पराग मिळतात.

आता ज्याची जाहिरात सगळ्यात जास्त होते तो बी-९. रशियातल्या मिचुरिन्स्क इथं बुडागोव्स्की यांनी एम-८ हा खुजा खुंट आणि 'रेड स्टँडर्ड' ही सफरचंदाची जात यांच्या संकरातून तो तयार केला. झाड अडीच-तीन मीटरच्या आत राहतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ देतं. खुज्या खुंटांमध्ये थंडीला हाच त्यातल्या त्यात टिकाऊ. एम-९ आणि एम-२६ या नेहमीच्या खुज्या खुंटांची त्याच्याशी बरोबरी नाही. पण 'त्यातल्या त्यात' हे शब्द लेबलावर नसतात. बी-९ची मुळं उथळ असतात, म्हणजे नेमकी जिथं माती आधी गोठते त्याच थरात. बर्फ हमखास टिकतो तिथं तो उत्तम. उघड्या, वाऱ्याच्या माळावर तो जुगार आहे. काठी किंवा तार आयुष्यभर लागते, दोन वर्षांपुरती नाही. भुसा किंवा लाकडाच्या चिपांचं १०-१५ सेंटीमीटर आच्छादन लागतं, तेही खोडापासून वीतभर लांब, नाहीतर उंदरांना आयतं घर. आणि हनीक्रिस्पसारखी मुळात मंद वाढणारी जात हलक्या मातीत बी-९वर बांधली की पहिल्याच फळानं झाडाची वाढ खुंटते. पहिली दोन, शक्य तर तीन वर्षं सगळी फळं हरभऱ्याएवढी असतानाच खुडून टाकायची. मन घट्ट करावं लागतं.

बी-९ ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याची पानं. जोडाखालून फुटवा आला आणि त्याची पानं तांबूस-जांभळी असली, तर खुंट बुडागोव्स्कीच्या घराण्यातला. अँतोनोव्का म्हणून विकलेल्या झाडाला असा फुटवा आला तर विक्रेत्याला जाब विचारायला हरकत नाही.

त्याच घराण्यातला बी-११८ कमी बोलबाल्याचा, पण काम जास्त चोख करणारा. पानं त्याचीही लालसर. झाड पूर्ण आकाराच्या ८५-९० टक्के होतं, पाय घट्ट रोवतं, काठीची गरज नाही आणि फळ अँतोनोव्कापेक्षा दोन-तीन वर्षं आधी येतं. झोन ३च्या उबदार टोकापासून झोन ४पर्यंत, घराच्या मागे दोन-तीनच झाडं लावायची असतील तर हाच घ्यावा.

बाकीच्यांचं थोडक्यात. ओटावा-३ कॅनडातला, आकारानं एम-९सारखा आणि खराच काटक. पण त्याची रोपं तयार करणं नर्सरीला अवघड जातं, म्हणून बाजारात क्वचित दिसतो. लोकरी मावा ही कीड आणि फायर ब्लाइट (फांद्या जळाल्यागत वाळवणारा जिवाणूंचा रोग) त्याला छळतात. एमएम-१०६ या थंडीसाठी साफ नको: तो शरद ऋतूत वाढ थांबवायला उशीर करतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या तडाख्यात सापडतो. एमएम-१११ झोन ४मध्ये चालून जातो. जिनिव्हा मालिकेतले जी-४१ आणि जी-९३५ फायर ब्लाइट असलेल्या भागात मोलाचे. दोघांच्या रक्तात रोबस्टा-५ हा क्रॅबॲपल आहे, आणि रोबस्टा-५ स्वतः भर हिवाळ्यात दणकट असला तरी मधल्या उबाऱ्यात लवकर ढिला पडतो, एवढं लक्षात असू द्या.

नासपतीचं गणित वेगळं

नासपतीत निवड फार नाही आणि फसवणूक जास्त आहे. क्विन्सवर (नासपतीच्या नात्यातलं एक लहान फळझाड) बांधलेली खुजी नासपती दिसायला देखणी, पण क्विन्सची मुळं या थंडीत टिकत नाहीत, आणि नासपतीच्या अनेक जातींशी त्याचा जोडही कच्चा राहतो. कॅलेरी नासपतीचा खुंट उबदार प्रदेशातला. लेबलावर यांपैकी काही दिसलं तर पुढे चला.

उरतात दोन. उस्सुरी या ईशान्य आशियातल्या रानटी नासपतीची बियाण्याची रोपं सगळ्यात काटक. झोन ३ आणि त्याखाली हीच. झाड मोठं होतं, फळाला वेळ लागतो आणि वसंतात लवकर जागं होण्याची सवय याही घराण्यात आहे. जिथं नासपतीवर सिला नावाची कीड असते तिथं आणखी एक धोका: ही कीड 'पेअर डिक्लाइन' हा रोग पसरवते, आणि युरोपीय नासपती उस्सुरी खुंटावर असेल तर झाड जोडापाशीच उपाशी मरतं. दुसरा पर्याय 'ओल्ड होम × फार्मिंगडेल' या नावानं विकले जाणारे खुंट. ८७ आणि ९७ हे त्यातले क्रमांक सहज मिळतात. फायर ब्लाइटला ते चांगले तोंड देतात, पण भरवसा झोन ४पर्यंतच. ९७ जवळजवळ पूर्ण आकाराचं झाड देतो, ८७ थोडं आटोपशीर.

खोड आणि बेचके

शरद ऋतूत झाड वरून खाली झोपत येतं. शेंडे आधी कणखर होतात. बुंधा आणि फांद्यांची बेचकी सगळ्यात शेवटी. म्हणून नोव्हेंबरातल्या अवचित थंडीचा मार बेचक्यांत बसतो, आणि अरुंद बेचक्यात सगळ्यात जास्त. मुख्य फांद्या खोडाशी ४५ ते ६० अंशांचा कोन करतील अशा लहानपणीच ताणून बांधाव्यात. कपड्यांचे चिमटे किंवा दोरी पुरते. यावरचा जुना उत्तरी उपाय म्हणजे तीन मजली कलम: खाली काटक खुंट, मध्ये खोड आणि पहिल्या फांद्या एखाद्या अतिकाटक जातीच्या, आणि खायची जात त्या फांद्यांवर, खोडापासून ३०-४० सेंटीमीटर लांब बांधलेली. थंडीनं फांदी गेली तरी सांगाडा राहतो. तयार झाडं अशी क्वचितच मिळतात; हातानं करावं लागतं.

उणे ४० अंशांचा उंबरठा लोकांना वाटतो तसा फक्त गोल आकडा नाही. सफरचंदाच्या लाकडातल्या पेशींमधलं पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही, द्रवच राहतं. ही सोय उणे ४० अंशांच्या आसपास संपते. तिथं पाणी एका झटक्यात गोठतं, पेशी मरतात आणि गाभा काळा पडतो. साल आणि तिच्याखालचा हिरवा थर शाबूत असला तर झाड जगतं, पण लाकूड ठिसूळ होतं.

जाती, धावत्या नजरेनं

हनीक्रिस्प (मिनेसोटा विद्यापीठ, १९९१) झोन ४ची जात आहे. झोन ३मध्ये ती लावणाऱ्यानं हौस म्हणून लावावी, भरवशाचं झाड म्हणून नाही. हॅराल्सन १९२२पासून लावली जातेय. आंबट-गोड, घट्ट, साठवणीला उत्तम, पण पिकायला लांब मोसम हवा. ११० दिवसांचाच हिमरहित काळ असेल तर गुडलँड, नॉरलँड आणि पार्कलँड. यातली नॉरलँड अगदी लवकर तयार होते आणि झाडावर दोन-चार दिवस जास्त राहिली की भुसभुशीत होऊन गळते. तिची तोडणी रंग पूर्ण भरायच्या आधीच करावी.

नासपतीत उरे, गोल्डन स्पाइस, समरक्रिस्प आणि लशस ही नावं लक्षात ठेवण्यासारखी. पहिल्या दोघींची फळं लहान. गोल्डन स्पाइस मुरांबा आणि लोणच्यापलीकडे फारशी उपयोगाची नाही, मुख्य काम पराग पुरवण्याचं. समरक्रिस्प मात्र खुसखुशीत असतानाच, साल हिरवी आणि गालावर लाली आलेली असताना तोडायची. मऊ व्हायची वाट पाहिली तर आतून तपकिरी लगदा. नासपतीला दुसऱ्या जातीचा पराग लागतोच, आणि तो एकाच वेळी फुलणाऱ्या जातीचा लागतो. उस्सुरी रक्ताची झाडं युरोपीय जातींच्या आधी फुलून मोकळी होतात, मग दोन झाडं असूनही फळ नाही.

फुलांच्या वेळी खुंट कितीही काटक असला तरी मदत करत नाही. पूर्ण फुललेल्या सफरचंदाची साधारण दहा टक्के फुलं उणे २.२ अंशांना मरतात, नव्वद टक्के उणे ३.९ला. म्हणून खळग्यात, जिथं रात्री थंड हवा साचते, तिथं झाड लावू नये. उताराच्या मध्यावर लावावं.

खोडाची कवचं

बाजारात तीन प्रकार. पांढरा वेटोळ्याचा प्लास्टिक गार्ड लावायला दोन मिनिटं लागतात आणि सशांपासून वाचवतो. पण तो उन्हाळ्यात काढलाच पाहिजे. आत ओल धरते, साल मऊ राहते आणि खोडकिड्याला निवारा मिळतो. शिवाय खालची कड मातीत नीट बसत नाही, त्यामुळे बर्फाखालून शेतउंदीर शिरतात. काळा पन्हळी पाइप उभा चिरून लावतात, तो घेऊच नये: हिवाळ्याच्या दुपारी आतली साल तापते आणि सूर्य मावळला की झटक्यात गोठते. उत्तर गोलार्धात खोडाच्या नैर्ऋत्य बाजूची साल उभी फाटते ती अशाच तापण्या-गोठण्यानं, गार्ड नसतानाही.

सगळ्यात चांगली गॅल्व्हनाइज्ड तारेची, ६ मिलिमीटर भोकांची चौकोनी जाळी. १५-२० सेंटीमीटर व्यासाची नळी करून लावायची, म्हणजे खोड वाढलं तरी आवळत नाही. खाली ५-८ सेंटीमीटर मातीत गाडायची. उंची मोजताना गफलत होते: ससा बर्फावर उभा राहून खातो, म्हणून नेहमीच्या बर्फाच्या थराच्या वर निदान ५० सेंटीमीटर जाळी हवी. सालीच्या तापण्यावर उपाय वेगळा. भिंतीचा साधा पांढरा लॅटेक्स रंग, तेवढंच पाणी घालून, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवशी बुंध्यापासून पहिल्या फांद्यांपर्यंत. तेलाचा रंग सालीला मारतो. जाळी आणि रंग दोन्ही लागतात, एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.

रोप हातात आल्यावर

उघड्या मुळांचं रोप आलं की नखानं साल खरवडा: खाली ओला हिरवा थर हवा. मुळं दोन ते सहा तास पाण्यात ठेवा, रात्रभर ठेवलं तरी चालेल, त्याहून जास्त नाही. खड्डा मुळांच्या पसाऱ्याएवढा रुंद आणि तेवढाच खोल. तळाशी खत नको. खुज्या खुंटावर जोड मातीच्या वर ५-१० सेंटीमीटर राहिला पाहिजे, नाहीतर वरची जात स्वतःची मुळं सोडते आणि खुजेपणा संपतो. लावल्यावर शेंडा ७५-८० सेंटीमीटरवर कापा. जूननंतर नत्र देऊ नका. ऑगस्टात पाणी कमी करा, आणि जमीन गोठायच्या आठवडाभर आधी एकदा खोल भरून द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा सावकाश गोठते.

हिवाळ्यानंतर झाड फुटलं नाही तर उपटायची घाई नको. जोडाखालून जोमदार फुटवा आला तर जात गेली, खुंट जगला. खालून काहीच नाही तर खुंटच गेला, आणि पुढच्या वेळी खुंट बदलायचा. अँतोनोव्का किंवा बी-११८चा फुटवा असेल तर त्यातला एकच, सगळ्यात सरळ, ठेवा आणि बाकीचे काढा. पुढच्या वसंतात तो पेन्सिलीएवढा झाला की डोळे फुगायच्या सुमारास त्यावर पाचर कलम बांधता येतं. कलमकाड्या मात्र त्याआधीच, झाड गाढ झोपेत असताना कापून ठेवायच्या: ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून, १ ते ३ अंशांवर. त्याच फ्रीजमध्ये सफरचंदं ठेवली तर त्यांच्या वायूनं काड्यांचे डोळे मरतात.